उधेवाडीच्या मावशींस, लुगडं अजून माझ्याकडेच आहे

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. राजमाचीच्या किल्ल्याला येणारे सगळे तुमच्याच दारात उभे राहिले तर मला चुलीजवळची जागा मिळायची नाही. नातवाला हे मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. फाटक्या पँटची डोंबिवलीवाली म्हटलं की तुम्हाला कळेलच.

आम्ही ऑफिसातले चौघं. रोज फोर्टला जाऊन-येऊन अडीच तास लोकलमध्ये उभं राहणारे. त्या जुलैतल्या रविवारी सकाळी उलट्या दिशेची कर्जत धरली, चक्क खिडकी मिळाली, आणि मला तिथेच ट्रेक वसूल झाल्यासारखं वाटलं. कर्जतला वडापाव, मग टमटमने कोंदिवडे. कोंढाणे लेण्यांवरून पडणाऱ्या धबधब्याखाली आम्ही फोटो काढण्यात तासभर घालवला. तो तास पुढे महागात पडला.

लेण्यांच्या वर, चढाला, ओढा आडवा आला. पाणी पोटरीपर्यंत. मी शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला आणि बसले ती थेट खालच्या डबक्यात. पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाटली, गुडघा सोलवटला. सॅकला रेनकव्हर होतं, पण पाणी पाठीच्या बाजूने शिरलं होतं. आतले कोरडे कपडे पिळून काढावे लागले. (हे सगळं पाणी शेवटी उल्हास नदीला जातं आणि आमच्या नळाला तिचंच पाणी येतं. म्हणजे ज्याने मला आपटलं तेच मी रोज गाळून पिते.) किल्ल्याखालच्या तुमच्या उधेवाडीत पोचेपर्यंत दात वाजत होते आणि मनात पक्कं झालं होतं: पुन्हा या फंदात पडायचं नाही.

तुम्ही ओसरीवर तांदूळ निवडत होतात. मी "मावशी, चहा मिळेल का" विचारत होते, तर तुम्ही म्हणालात, "आधी ते कपडं काढ, मंग बोल." आतल्या खोलीत नेलंत, ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलंत आणि लहान पोरीला नेसवावं तसं मला नेसवलंत. काष्टा खोचताना असा काही ओढलात की मी पुढे झुकले. "हलू नको, सुटलं तर वाटेत सुटंल." मग गवती चहा. माझे बूट तुम्ही चुलीपासून हातभर लांब, तोंड खाली करून ठेवलेत. मी जवळ सरकवायला गेले तर म्हणालात, "तळ निघंल त्याचा." बरोबरच होतं. मागे एकाच्या बुटाचा तळ असाच हातात आलेला मी पाहिलाय.

साडेतीनला आमच्यातला एकजण घड्याळ दाखवू लागला. आल्या वाटेने उतरून संध्याकाळची गाडी धरू, सोमवारी ऑफिस आहे. तुम्ही भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालात, "ज्या वढ्यातून आलात, त्यो आता तुमाला वळखायचा न्हाई." त्यानंतर कुणी घड्याळाचं नाव काढलं नाही. रात्री पाऊस असा कोसळला की शेजारी झोपलेल्या मैत्रिणीशी ओरडून बोलावं लागत होतं. ओढ्याचा आवाज घरात येत होता. मी जागीच होते. बराच वेळ आम्ही चौघं त्या ओढ्यात कसे दिसलो असतो याचाच विचार केला.

सकाळी उघडीप मिळाल्यावर तुमच्या दिरांनी आम्हाला कोंदिवड्यापर्यंत सोडलं. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे तुम्ही चोख मोजून घेतलेत, ते मला फार आवडलं. लुगड्याचे द्यायला गेले तर मात्र रागावलात.

आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. सोमवारी सकाळची कर्जतहून सुटणारी लोकल, लेडीज डबा, आणि मी नऊवारीत, पायात चिखलाचे बूट, पाठीवर सॅक. एरवी ट्रेकहून परतताना बायका आपली ओढणी आवरून घेतात, "चिखल लागेल हो" म्हणतात. त्या दिवशी कॉलेजची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मावशी, बसा." मी एकोणचाळीस वर्षांची! पण बसले. ऑफिसात हाफ डे टाकला आणि कुणालाही कारण सांगितलं नाही.

लुगडं परत द्यायला नोव्हेंबरात आले, सोबत एक नवं घेऊन. तुम्ही नवं ठेवून घेतलंत आणि जुनं माझ्याच सॅकमध्ये कोंबलंत. त्या खेपेला वाटेत कोंढाणे लेण्यांपाशी नीट थांबले. चैत्याच्या दर्शनी बाजूला दगडात एक ओळ कोरलेली आहे, 2,000 वर्षांहून जुनी: कण्हाचा शिष्य बलक याने केले. करणाऱ्याने आधी गुरूचं नाव घातलंय. पहिल्या वेळी फोटोंच्या नादात मला ती दिसलीच नव्हती.

तेव्हापासून पावसाळ्यात महिन्यातून एक रविवार माझा. माहुलीचा किल्ला झाला, पेठचा झाला, पेबही झाला. सॅकमध्ये सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लुगडं असतं. दुपारी दोननंतर ओढा ओलांडायचा नाही हा आमच्या चौघांचा नियम झालाय, आणि नवा कुणी का म्हणून विचारतो तेव्हा आम्ही तुमच्या ओढ्याची गोष्ट सांगतो. ती तुम्ही म्हणालात तशीच सांगतो, "वळखायचा न्हाई"सकट.

बाकी, जूनच्या पहिल्या आठवड्यात काजव्यांना येतेय, पाऊस लागायच्या आत. शनिवारी नको, तेव्हा तळ्याकडे टॉर्च आणि स्पीकर घेऊन जत्रा असते. शुक्रवारी रात्रीच येतो. पाच माणसं आहोत. पिठलं-भाकरी करा. ठेचा गेल्या वेळेपेक्षा थोडा कमी जाळ असलेला चालेल, एकजण नवीन आहे.

तुमची,
डोंबिवलीवाली