सैयुंग म्हणजे पाच

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको, पण दादाकडूनही वाचून घेऊ नका. एखादं जोडाक्षर अडलं तर आईला विचारा. आई, तू गुडघा धरून अजून वेचणीला जातेस हे वहिनीनं फोनवर सांगितलं. शेवटचा वेचा मजुरांना द्या म्हटलं होतं ना मी?

मला डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक पदविकेच्या, आंतरवासितेला (शाळेत राहून शिकवायच्या सरावाला) गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातली शाळा मिळाली. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एकाच सतरंजीवर बसते. एका वर्गाला लिहायला दिलं की दुसऱ्या वर्गाकडे वळायचं, तोवर पहिल्याचं लिहून झालेलं असतं. गावात धानाची मळणी चालू आहे, त्यामुळे मोठी पोरं निम्मीच येतात.

पहिल्या वर्षी सूक्ष्म पाठात सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं असे, कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन. समोर आमच्याच वर्गातल्या मुली विद्यार्थी होऊन बसायच्या आणि पटापट उत्तरं द्यायच्या. इथे कुणी उत्तरच देईना.

पहिलीतली एक मुलगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिच्यापुढे पाच चिंचोके मांडायची आणि विचारायची, "किती?" ती चिंचोक्यांकडे बघायची, मग माझ्याकडे. मी वहीत लिहून ठेवलं होतं, "संख्याज्ञान नाही." बाबा, ते वाक्य मी लिहिलं याचं मला फार वाईट वाटतं. नवव्या दिवशी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडता निवडता दारात आल्या आणि तिला गोंडीत काहीतरी विचारलं. तिनं एकेका चिंचोक्यावर बोट ठेवलं. उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग. एकदाही चुकली नाही. तिला पाच येत होते, माझा 'पाच' हा शब्द तेवढा येत नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आजीनं मला एकदा सांगितलेली गोष्ट आठवत होती, तुम्ही ती कधीच सांगितली नाही. तिसरीत गुरुजींनी पालेभाज्यांची नावं विचारली आणि तुम्ही 'सांबार' म्हणालात. त्यांना 'कोथिंबीर' हवं होतं. सगळा वर्ग हसला, हातावर छडी बसली आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाटी ठेवून गुरं राखायला गेलात. आपल्या अख्ख्या गावात आजही सांबारच म्हणतात, बाबा. तुमचं उत्तर बरोबर होतं. हे तुम्हाला कुणीतरी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 आहे. मुलाला मारणंच नाही, त्याला मानसिक त्रास देणंही त्यात बंद केलंय. शिकवण्याचं माध्यमही शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावं, असं त्याच कायद्यात लिहिलंय. आम्ही ही कलमं परीक्षेसाठी पाठ केली होती. त्यांचा अर्थ मला मावशींच्या त्या एका प्रश्नानं कळला.

आता मी रोज परिपाठाआधी मावशींकडून पाच शब्द शिकते. पाणी म्हणजे येर. पाठ टाचणात आता मराठीसमोर गोंडीचा रकाना केलाय. मी चुकीचं बोलले की ती मुलगी मला दुरुस्त करते, आणि मी पुन्हा म्हणेपर्यंत थांबते. काल तिनं फळ्यावर स्वतःहून 5 काढला, उलटा, पण खूप मोठा.

बाबा, नोकरीचं तुम्ही दर फोनला विचारता, म्हणून सरळ लिहिते. डी.एल.एड. झालं की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, 150 गुणांची, खुल्या गटाला त्यात 90 लागतात. मग 200 गुणांची अभियोग्यता चाचणी, मग सरकारच्या पवित्र पोर्टलवर शिक्षक भरती निघायची वाट. लागले तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना 16 हजार. वेळ लागेल. सोयाबीनचे पैसे माझ्या फीमध्ये गेले हे मला रोज आठवतं, पण लग्नाचं बोलणं तेवढं एक वर्ष थांबवा. मला हेच काम करायचं आहे, आणि जमलं तर याच भागात.

आई, माळ्यावरच्या मडक्यात चिंचोके आहेत ना? दादा चंद्रपूरला येईल तेव्हा त्याच्याकडे शेर-दीड शेर दे, फुटके काढून. दुसरीला दशक शिकवायचंय, दहा-दहाचे ढीग करायला माझ्याकडचे पुरत नाहीत.

तुमची,
बेबी