काउंटरच्या आतल्या माणसालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ साली २५ सप्टेंबरला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची मोठी बैठक झाली. विषय होता बीपी, शुगर, कॅन्सर, हृदयविकार, म्हणजे एकदा मागे लागले की मरेपर्यंत न सुटणारे आजार आधीच कसे रोखायचे. २०११ पासूनची ही चौथी बैठक. २०३० पर्यंत जगात तंबाखू खाणारे-ओढणारे १५ कोटींनी कमी करायचे आणि बीपी ताब्यात असणारे १५ कोटींनी वाढवायचे, असं उद्दिष्ट तिथं मांडलं गेलं. सोयाबीन काढणीचे दिवस होते, दुपारी गाव सगळं वावरात, दुकानात माशा मारत मी ती बातमी मोबाईलवर वाचली. वाचता वाचता मान वर केली तर बातमीतला एकूणएक माल माझ्या हाताच्या अंतरावर होता. मिठाची गोणी, तेलाचे पाऊच, साखर, दोरीला लटकलेली पाच-पाच रुपयांची चटकदार पाकिटं. आणि डाव्या कोपऱ्यात ती रिकामी जागा, जिथं एकोणीस वर्षं माझी खर्रा घोटायची पाटी होती.

मी देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात बत्तीस वर्षांपासून किराणा दुकान चालवतो. आजार रोखण्यावर डॉक्टर लिहितात, अधिकारी लिहितात, कधीमधी बरा झालेला पेशंट लिहितो. विकणारा कधी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागेल. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या जाड पन्नीत घ्यायचा, पन्नी पाटीवर ठेवून तळहातानं घासत राहायची. माल ओलसर, तांबूस झाला की पन्नीला रबर लावून गिऱ्हाईकाच्या हातात. माझ्या उजव्या तळव्याचं कातडं अजून जाड आहे. लोक विचारतात, कळत होतं तरी का विकला? उत्तर सोपं आहे. किराणा जातो उधारीवर, कापूस विकला की पैसे येतात, कधी येतच नाहीत. खर्रा जातो रोखीवर. दिवसभरात गल्ल्यात जी नोट पडायची ती खर्र्याची. त्याच नोटेवर मी ठोक दुकानदाराचं बिल भागवायचो आणि त्याच जोरावर गावाला तांदूळ-डाळ उधार द्यायचो. खर्र्याला शिव्या घालणाऱ्यांच्या घरीही ती उधारी जात होती.

बंद केला तो एका पोरामुळे. ट्रॅक्टर चालवायचा, दिवसाला सात-आठ खर्रे माझ्याकडूनच न्यायचा. सव्विशीत त्याचं तोंड उघडेना. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. एक दिवस म्हणाला, "भाऊ, जो लवकर भिजते थो बिस्कूट दे." तिथंच ओट्यावर बसून त्यानं बिस्किटाचे तुकडे चहात भिजवले आणि गालाच्या बाजूनं एकेक तुकडा बोटानं आत सरकवला. पुडा संपायला अर्धा तास लागला असेल. मधे एक गिऱ्हाईक आलं, मी त्याचा खर्रा घोटत होतो. संध्याकाळी पाटी उचलून न्हाणीच्या चुलीत घातली. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच छापून सांगितलंय. मला ते नंतर कळलं. "तंबाखू नको, साधी सुपारी घोटून द्या" म्हणणाऱ्या बायाबापड्यांना मी इतकी वर्षं चांगलं काम केल्यासारखं घोटून देत होतो.

आता खरी गोष्ट सांगतो. माझा खर्रा बंद झाला, गावाचा एक पुडीनंही कमी झाला नाही. गिऱ्हाईक चाळीस पावलांवरच्या टपरीवर गेलं. जाताना चहापत्ती, साबण, बिडीबंडल, सगळं तिकडंच घ्यायला लागलं. दोन वर्षं दुकान खाली बसलं होतं. घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

माझी पुतणी दुसऱ्या तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काका, तुमच्यासाठी जगाच्या करारात एक कलम आहे. मला वाटलं पोरगी गंमत करते. पण खरंच आहे. तंबाखू आटोक्यात आणण्याचा जागतिक करार २००३ साली झाला, २००५ पासून लागू झाला. भारतानं तर २००४ मध्येच त्याला मान्यता दिली. त्याचं कलम १७ म्हणतं की तंबाखू पिकवणारा शेतकरी, त्यातला मजूर आणि प्रसंगी किरकोळ विकणारा, यांना पोट भरण्याचा दुसरा मार्ग मिळावा म्हणून सरकारांनी मदत करावी. वीस वर्षं उलटून गेली. माझ्या दुकानात दंडाची पावती घेऊन माणसं आली, फलक लावायला सांगायला आली, एकदा तर फुकट पाकीट मागायलाही आली. कलम १७ घेऊन कोणी आलं नाही. आमचा वर्धा जिल्हा कित्येक वर्षांपासून दारूबंदीचा आहे, तेव्हा नुसती बंदी किती चालते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तीही बघतोय.

विकणाऱ्याला सोबत घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण फिनलंडचं आहे. तिथल्या नॉर्थ करेलिया नावाच्या गरीब, लाकूडतोड्यांच्या आणि गवळ्यांच्या प्रांतात उमेदीतले पुरुष हृदयविकारानं इतके मरायचे की जगात कुठं इतके मरत नसतील. १९७१ साली त्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, काहीतरी करा म्हणून. १९७२ मध्ये काम सुरू झालं ते पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या हाती. लोक ब्रेडवर लोणी थापून खायचे, मीठ भरपूर, सिगारेटी भरपूर. तो गावोगावी बायकांच्या मंडळांत गेला, हे आपल्याकडेही होतं, महिला दिनाला भाषण असतंच. पण तो मांसाचे सॉसेज बनवणाऱ्या कारखानदाराकडेही गेला आणि चरबी कमी करून त्यात मशरूम घालायला लावले. दुधाचा धंदा बसेल म्हणून ओरड करणाऱ्या गवळ्यांना बेरीची फळं लावण्याकडे वळवण्याची योजना पुढे तिथं निघाली. चाळीस वर्षांत काम करत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. पुस्का पुढे जागतिक आरोग्य संघटनेत याच कामाचे संचालक झाले. ते नेतृत्व निघालं गवळ्याच्या गोठ्यातून आणि सॉसेजच्या भट्टीतून. जिनिव्हातलं संघटनेचं मुख्यालय फार नंतर आलं.

आमच्याकडे गवळ्याऐवजी मी आहे, एवढाच फरक.

मिठाचं बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाच ग्रॅम कोणाला दिसतात? दुकानदाराच्या हिशोबानं सांगतो : पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. आता कळलं ना? मी आमच्याच घरी मोजलं. आम्ही पाच जण. एक किलोच्या पुड्यावर पेनानं तारीख घातली आणि स्वयंपाकघरात ठेवला. सतराव्या दिवशी पुडा संपला. माणशी पावणेबारा ग्रॅम झाले. बायको म्हणाली, "गल्ला मोजता तसी आता माही भाजीबी मोजा." मग तिनंच सांगितलं की त्यातली मूठ-दोन मुठी गाईच्या ढेपेत गेल्या. त्या वजा करा, तरी दहाच्या खाली येत नाही. शिवाय लोणच्याचं, उन्हाळी पापड-कुरडयांचं, भरून वाळवलेल्या मिरच्यांचं मीठ यात धरलंच नाही. पाच रुपयांच्या पाकिटातलं तर नाहीच नाही. उधारीची वही काढून शेजारच्या घरांचा हिशोब केला, कोणी आमच्याहून मागे नाही. आरोग्य खात्याला सर्व्हे करायचा असेल तर खेड्यातल्या किराणा दुकानाची वही उघडावी. कोणत्या घरात किती मीठ, किती तेल, किती साखर जाते, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे.

अळणी खा म्हटलं तर निंदणाला जाणारी बाई ऐकणार नाही. चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत घाम गाळून आलेल्या माणसाला ठेचा-भाकरीतला ठेचाच गोड लागतो. पण चीनमध्ये ६०० खेड्यांत, एकवीस हजारांच्या आसपास लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२१ साली आला. निम्म्या खेड्यांना साधं मीठ, निम्म्यांना एक चतुर्थांश पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं. भाजी तीच, हात तोच, नुसता पुडा बदलला. लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र असं मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय खाऊ नये, हे आधीच सांगितलेलं बरं. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही घरच्या वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली. मी ठोक बाजारात विचारलं. मिळते म्हणाले, पण साध्या मिठाच्या दुपटीच्या वर. दुप्पट भावाचं मीठ आमच्या गावात कोण घेईल? रेशनमधून द्या, नाहीतर भाव साध्या मिठाच्या बरोबरीला आणा, मी उद्यापासून दुसरं मीठ ठेवणार नाही. आणि हे होतं, मी पाहिलंय. वनस्पती तुपातल्या आणि तेलातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, सरकारनं २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. डबा तोच, गिऱ्हाईक तेच, मला कोणाला एक शब्द समजवावा लागला नाही.

लकव्याचं नाव काढलं म्हणून मोठ्या भावाचं सांगतो. अंगानं काडी. आशाताई घरोघरी कंबर मोजायला टेप घेऊन आल्या तेव्हा म्हणाला, "मले काय धाड भरली? मी काय जाडा हाओ का?" बीपी म्हणजे नागपूरच्या ढेरपोट्यांचा आजार, असं आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दात घासता घासता खाली बसला, उजवी बाजू गेली. आता ओट्यावर बसून असतो, डाव्या हातानं बिल्ले खेळतो. सेवाग्राम आमच्यापासून तासाभरावर. बापूकुटीत किती वेळा गेलो असेन, पण बापूंनाही बीपी होता हे मला साठीला टेकल्यावर कळलं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०१९ साली त्यांच्या तब्येतीची कागदपत्रं छापली. त्यात १९४० सालचा बीपी २२०/११० आहे. माणूस सत्तेचाळीस किलोच्या आतला! आशाताईंच्या पिशवीत बाकी काही नसलं तरी चालेल, हा एक आकडा असू द्या. आमच्या भागात दुसऱ्या कशापेक्षा तो जास्त चालेल.

बीपीचं चांगलं कामही आमच्याच जिल्ह्यानं पाहिलंय, ते न सांगणं बरं नाही. २०१७ साली देशात बीपी नियंत्रणाचा जो उपक्रम निघाला त्यात महाराष्ट्रातून सुरुवातीलाच वर्धा आणि भंडारा होते. सगळ्यांना ठरलेल्या दोन-तीनच गोळ्या, त्याही महिन्याभराच्या एकदम, जमेल तितक्या घराजवळ. २०२२ मध्ये या उपक्रमाला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मी त्याच गोळ्यांवर आहे. पण गेल्या पावसाळ्यात जिथून घेतो तिथं सलग सात आठवडे गोळी नव्हती. "पुढच्या मंगळवारी या." मी मेडिकलमधून विकत घेतली. माझ्यासोबत रांगेत असलेल्या दोन बायांनी नाही घेतली. एक तर आता येतच नाही, म्हणते, "गोयी सोडली त काई झालं नाई." माझ्या दुकानात सात आठवडे मीठ नसतं तर गावानं माझं काय केलं असतं?

शेवटी एक खुलासा आपल्या पत्रामार्फत हवा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. नियमात लिहिलंय की अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चारी दिशांनी सरळ मोजायचं. जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेच्या भिंतीपासून मी पावलं टाकली, ती टपरी बासष्ट पावलांवर येते. मोजायला आलेल्या साहेबांनी टेप लावला फाटकापासून, तोही रस्त्या-रस्त्यानं, देवळाला वळसा घालून. टपरी बाहेर गेली. बरोबर कोण, ते कुणीतरी छापून सांगावं. आणि टपरीवाल्याला उठवणार असाल तर कलम १७ चा कागद सोबत आणा. त्याच्या दोन पोरी त्याच शाळेत शिकतात.

आपला,
एक किराणा दुकानदार, ता. देवळी, जि. वर्धा
(नाव छापू नये. मला त्याच टपरीवाल्याला साखर विकायची आहे.)