हिरव्या वायरीबद्दल वायरमन मामांना पत्र

ती. वायरमन मामांना सा. न. वि. वि.

मामा, त्या दिवशी हलशी रस्त्याला तुम्ही गाडी थांबवली नसती तर हे पत्र लिहायला मी असतो की नसतो, कोण जाणे. गडबडीत आभार मानायचं राहून गेलं. आज मानतोय, आणि सगळ्यांसमोर मानतोय. खानापूर, नंदगड, बिडी, पार निपाणी-चिकोडीपर्यंत पिकअपमध्ये डिझेल वेल्डिंग सेट, म्हणजे इंजिनावर स्वतःच करंट तयार करणारं वेल्डिंग मशीन, टाकून रानोमाळ फिरणारी माझ्यासारखी पुष्कळ पोरं आहेत. तुम्ही मला सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

गळीत हंगाम तोंडावर होता. उसाच्या ट्रॉलीची साटी तुटलेली, वरून परतीचा पाऊस पडून गेलेला, तांबड्या मातीचा नुसता राडा. अँगल तोडायला चौदा इंची कटिंग मशीन सेटच्या 230 व्होल्टच्या सॉकेटला लावलं होतं. एक हात मशीनच्या लोखंडी बॉडीवर होता. दुसरा सेटच्या फ्रेमवर टेकला आणि दोन्ही हात जागच्या जागी आवळले. छातीतून गेलेली ती कळ अजून आठवते. आपटून सुटलो म्हणून वाचलो. डोळे उघडले तेव्हा इंजिन बंद होतं आणि तुम्ही म्हणत होता, "हलू नको. आधी श्वास घे."

मग तुम्ही कटिंग मशीनचा प्लग उघडलात. काळी आणि लाल वायर जागेवर, आणि हिरवी मागं दुमडून वरून टेप गुंडाळलेली. वरची जाड पिन मोकळीच. प्लग बसवून देणाऱ्यानं "मशीन चालतंय की" म्हणून दिलं होतं, आणि मीही आत काय आहे ते वर्षभर बघितलं नव्हतं. आतल्या वाइंडिंगचा करंट बॉडीवर उतरला होता. त्याला परत जायला हिरव्या वायरीची वाट नव्हती, म्हणून तो माझ्या दोन हातांतून गेला.

मी म्हणालो, "मामा, अर्थिंग तर हाय की, क्लॅम्प लावलाय." तुम्ही रागावला नाहीत. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलंय, ही चूक तुम्ही मला नीट दाखवलीत. जॉबला, म्हणजे वेल्डिंग करायच्या लोखंडाला, लावतो तो 'अर्थ क्लॅम्प' म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडं परत नेणारी वायर, दुसरं काही नाही. तीन एमएमच्या रॉडला शंभरेक अँपियर जातात, ते तिच्यातून परततात. माणसाला वाचवणारी अर्थिंग ती नव्हे. क्लॅम्प गंजावर किंवा लांब कुठंतरी लावला तर तोच करंट ट्रॉलीच्या बेअरिंगमधून नाहीतर दुसऱ्या कुठल्या मशीनच्या हिरव्या वायरीतून वाट काढतो, आणि बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडतात, वायर जळून जाते. तेव्हापासून मी गंज घासून, वेल्डच्या शक्य तितक्या जवळ क्लॅम्प लावतो.

शेजारी मी दोन फुटी सळी ठोकली होती. तिच्याकडं बघून तुम्ही सांगितलेला हिशोब मला आयुष्यभर पुरेल. अशा सळीला मातीचा विरोध सहज 50 ओहम भरतो. 230 ला 50 नं भागलं की 4.6 अँपियर. 16 अँपियरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तेवढ्यानं कशाला पडेल? बॉडीवर करंट तसाच राहतो. तोच करंट हिरव्या तांब्याच्या वायरीतून थेट सेटच्या फ्रेमला आणि तिथून न्यूट्रलला, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीला, गेला तर एमसीबी क्षणात पडतो. सळी नको असं तुम्ही म्हणाला नाहीत. कंपनीच्या पुस्तकात सांगितली असेल तर ठोकायचीच, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही.

इंजिन बंद ठेवून तुम्ही मीटर लावलात. सॉकेटचं अर्थिंगचं भोक आणि फ्रेम यांच्यात काहीच दाखवेना. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग होता! तो खरवडून दातेरी वायसर घालून आवळला तेव्हा मीटर वाजलं. न्यूट्रल फ्रेमला जोडलेला आहे का, तेही बघितलंत; सगळ्या सेटमध्ये तो जोडलेला नसतो, हे मला तेव्हा कळलं. सेट पिकअपच्या हौद्यात रबरी मॅटवर होता, म्हणून फ्रेमपासून चासीपर्यंत जाड केबल टाकायला लावलीत. सॉकेटच्या लाईनला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट थोडा जरी बाहेर गळला तरी लाईन तोडणारा स्विच, मी दुसऱ्याच दिवशी बेळगावातून आणून बसवला. दर सोमवारी त्याचं टेस्ट बटण दाबून बघतो.

त्याच संध्याकाळी करंट गेला. शेताचे मालक म्हणाले, सेटची वायर घरातल्या बोर्डात घाल, तेवढाच उजेड. तुम्ही हात जोडून नको म्हणालात. मध्ये घर एकतर बाहेरच्या लाईनला नाहीतर सेटला जोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर सेटचे 230 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढून लाईनवर 11,000 व्होल्ट होतात, आणि वर खांबावर कुणाचा तरी मुलगा असतो. खांबावर उभी हयात काढलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर मालक गप्प झाले. पाऊस आला म्हणून मी सेट पत्र्याच्या शेडात ढकलायला निघालो, तेही तुम्ही अडवलंत. धुराचा वास सगळ्यांना येतो, पण त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, हे मला माहीत नव्हतं.

मामा, त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा उभ्या उभ्याच घेतलात. घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं देवापुढं दिवा लावला आणि तुमचं गाव विचारलं.

तुमचं मीटर माझ्याकडंच राहिलंय. नवा सेल घालून, पुसून ठेवलंय. दिवाळीच्या आधी आईला घेऊन येतो, मामींना सांगून ठेवा.

तुमचा,
खानापूरचा वेल्डिंगवाला