रातपाळीची काळजी नको

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

मी इथे इंग्लंडात ठणठणीत आहे, हे आधी सांगते. शेजारच्या घरातली चोरी मावशीने तुम्हाला कळवली, तेव्हापासून आई झोपली नसणार. अगं आई, चोरी झाली तेव्हा घरात कोणीच नव्हतं. रातपाळी संपल्यावर आम्ही तिघी एकाच बसने येतो, दाराला दोन कुलपं आहेत. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

बाबा, पोलीस दुसऱ्या दिवशी का आले, असं तुम्ही विचारलंत. इथले पोलीस कामचुकार नाहीत हो, माणसंच कमी पडली. २०१० नंतर सरकारने पोलिसांचं अनुदान वर्षानुवर्षं कापलं. नुसते पैसे नाहीत एवढ्यावरून पोलिसाला इथे कामावरून काढता येत नाही, म्हणून भरतीच थांबवली. काही ठिकाणी तीस वर्षं नोकरी झालेल्यांना सक्तीने निवृत्त केलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये आठेक वर्षांत सुमारे २०,००० पोलीस घटले. कचेरीतले कारकूनही कमी केले, मग त्यांचं काम वर्दीवाल्यांच्या गळ्यात आलं. २०१९ मध्ये पुन्हा २०,००० भरायचं ठरलं आणि मार्च २०२३ पर्यंत भरलेही. पण जुने जाणते गेले ते गेलेच. कुठल्या घरात म्हातारी एकटी असते, कुठल्या कोपऱ्यावर पोरं जमतात, हे नव्या पोराला कसं ठाऊक असणार? वस्तीत पायी फिरणारे साहाय्यक पोलीस तर २०१० च्या मानाने निम्म्यावर आलेत. मला याचं फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला खरी वाटणार नाही. इथे घरपट्टीच्या बिलात पोलिसांची वेगळी ओळ असते! शाळा, रस्ते, कचरा यांचं पालिकेचं वेगळं आणि खाली पोलिसांचं वेगळं. आम्ही भाड्याने राहतो तरी ती आम्हीच भरतो, घरमालक नाही. पट्टी ठरते घराच्या १९९१ सालच्या किमतीवरून. पोलिसांचा आकडा लोकांनी निवडून दिलेला आयुक्त ठरवतो, आणि सरकारी मर्यादेपेक्षा जास्त वाढवायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. २०१५ मध्ये बेडफर्डशर भागात १५.८ टक्के वाढीसाठी असं मतदान झालं, लोकांनी नको म्हटलं. जिथे घरं महाग, तिथे पट्टीतून पैसा बरा जमतो. गरीब भाग जास्त करून सरकारी अनुदानावर चालतात, म्हणून कपातीचा मार त्यांना जास्त बसला. हा अन्याय नाही का, बाबा?

म्हणून सांगते, नंदूला पोलीस भरतीला बसू द्या. डिचोलीत लहानाचा मोठा झालेला पोरगा तिथल्या लोकांच्या उपयोगी पडेल. क्लासची फी मी देईन.

पतसंस्थेचा हप्ता पाठवलाय. या वेळी घरखर्चाचे थोडे कमी आहेत, पट्टीचं बिल आणि भाडं एकदम आलं. पुढच्या महिन्यात भरून काढते.

दोडामार्गच्या स्थळाला अजून होकार कळवू नका, नकारही नको. मुलगा चांगला आहे, हे मला फोटोवरून नाही, मावशी बोलते त्यावरून कळतं. डिसेंबरात येते तेव्हा भेटेन. तिकीट काढायचं आहे, पण नक्की येते. चवथीला सुट्टी मिळाली नाही, आई. मी खूप विनवलं. गणपतीवरची माटोळी बांधायला नंदूला चढव, बाबांना शिडीवर पाय ठेवू देऊ नकोस. गुडघ्याच्या एक्स-रेचे पैसे वेगळे पाठवलेत, बाबा, ते हप्त्यात घालू नका.

तुमची,
सुमा