डिलाइट विकायची नाही

पुणे, रविवार

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर होण्याचे कारण पुन्हा गाडीच. कार्बोरेटर खोलून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला होता, आणि तो तिथून हलेपर्यंत तुझ्या वहिनींनी मला दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावू दिला नाही.

तू लिहितोस की नातवाबरोबर बसून फॉर्म्युला वनची शर्यत पाहिलीस, आणि ती संपल्यावर गो-कार्टच्या छोट्या गाड्या पळवणाऱ्या त्या पोराने विचारले, ‘पुण्याच्या आजोबांची फियाट ताशी किती पळते?’ तुला हसू आवरले नाही, हे मी समजू शकतो. पण त्याच पत्रात पुढे ‘आता ती विकून टाक, या वयात रस्त्यात बॉनेट उघडून उभे राहणे शोभत नाही’ असे जे लिहिले आहेस, त्याला मात्र सविस्तर उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

नातवाला सांग, 1966 सालची फियाट डिलाइट आहे, इंजिन 1089 सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, आणि ताशी साठ-पासष्टला ती अगदी सुखात असते. त्यापुढे ती पळते, पण कुरकुरत पळते. फॉर्म्युला वनबद्दल माझ्या मनात आकस नाही. 2023 साली कतारला मॅक्लारेन संघाच्या माणसांनी चारही चाके 1.80 सेकंदांत बदलली, तो प्रसंग मी चार वेळा पाहिला; मला तेवढ्या वेळात डिकीतला जॅकसुद्धा सापडत नाही. परंतु जी गाडी सुरू करण्याआधी तिचे तेल-पाणी बाहेरून गरम करून द्यावे लागते आणि जी तिच्या ट्रॅकबाहेरच्या रस्त्यावर एक मैलही जाऊ शकत नाही, तिच्याशी माझ्यासारख्या माणसाचे नाते प्रेक्षकाचेच राहणार. ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 अशी तीन वर्षे शर्यत झाली, तिन्ही वेळा फेटेल जिंकला, आणि पुढे ती बंद पडली. आपल्या रस्त्यांवर, आपल्या गाड्यांवर तिची काही खूण राहिली असे मला वाटत नाही.

मला मोटारींची खरी शर्यत वाटते ती 1968 सालची लंडन ते सिडनी मॅरेथॉन. त्या वेळी आपण दोघे पाटी-दप्तरवाले होतो. माझे वडील तेव्हा मुंबईत नोकरीला होते आणि गोदीकडे जाऊन त्या गाड्या पाहून आले होते. पुढे कितीतरी वर्षे ते फक्त गाड्यांवरच्या धुळीबद्दल बोलत. कोणती गाडी पुढे होती हे त्यांना कधीच सांगता आले नाही. 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या सुटल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असे करत 72 गाड्या मुंबईला पोहोचल्या आणि ‘चुसान’ नावाच्या जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या. मुंबईत पहिल्या क्रमांकावर होता रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिनामध्ये. वेगवान माणूस, वेगवान गाडी. पण ऑस्ट्रेलियात इंजिनाने दगा दिला आणि तो मागे पडला. मग आघाडी आली ल्युसियाँ बियांकीकडे. हा बेल्जियमचा ड्रायव्हर त्याच वर्षी ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला, आणि इथे सित्रोएन डीएसमध्ये बसलेला. सिडनी अगदी जवळ आले असताना शर्यतीशी काही संबंध नसलेली एक मिनी समोरून येऊन त्याच्या गाडीवर आदळली. त्या क्षणी गाडी त्याचा जोडीदार ओजिए चालवत होता. बियांकी शेजारी होता आणि जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क थांबला, घड्याळाकडे न पाहता मदतीला धावला, आणि तरीही दुसरा आला.

जिंकले कोण? हिलमन हंटर. एखाद्या शाळामास्तराने हप्त्याने घ्यावी अशी साधी घरगुती चारदारी गाडी. अँड्र्यू कोवन आणि त्याच्या दोन साथीदारांनी ती सुमारे 10,000 मैल अशी आणली की तिने कुणाचे लक्षच वेधून घेतले नाही. मला यातले दैव मान्य आहे. बियांकीला अपघात झाला नसता तर निकाल वेगळा लागला असता. पण दैवाने दार उघडले तेव्हा दारात उभी असायला गाडी धड लागते, आणि ती धड ठेवणे हेच तर कोवनचे ड्रायव्हिंग होते.

तू म्हणशील, हे झाले मोठ्यांचे. मग माझे ऐक. मागच्या हिवाळ्यात तुझ्या वहिनींना नेव्हिगेटर करून मी जुन्या गाड्यांच्या एका टीएसडी रॅलीत उतरलो होतो. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब. रस्ता वाहतुकीला चालूच असतो, सरासरी वेग आयोजक ठरवून देतात, आणि वाटेत कुठेतरी लपवलेल्या चौकीवर तुम्ही उशिरा पोहोचलात तर दंड, लवकर पोहोचलात तरी दंड. आम्हाला ताशी 36 ची सरासरी होती, म्हणजे मिनिटाला बरोबर 600 मीटर. ऐकायला अगदी सोपे. पण पुढे मेंढरांचा कळप आला की अर्धे मिनिट जाते, ते कुठे आणि किती वेगाने भरून काढायचे, हे शेजारी बसलेले माणूस सांगते. ज्या बाईंनी चाळीस वर्षे दूधवाल्याचा हिशेब तोंडी ठेवला, त्या मांडीवर रोडबुक आणि हातात घड्याळ घेऊन ‘बारा सेकंद पुढे आहात, सोडा’ असे म्हणत राहिल्या, आणि मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढत राहिलो. एका वळणाला आम्ही चुकलो आणि आमचा क्रमांक मधेच कुठेतरी लागला. तरी त्या दिवशी संध्याकाळी गाडी थांबवली तेव्हा माझ्या तळहातांना जो घाम होता, तो तुझ्या दूरचित्रवाणीने मला कधी आणला नाही.

आता बॉनेट उघडून उभे राहण्याविषयी. तू ज्या प्रसंगाची आठवण काढलीस तो खंबाटकीचा. मे महिना, दुपारची वेळ, पुढे कंटेनर, आणि आपण दुसऱ्या गियरमध्ये कासवाच्या गतीने चढत होतो. आधी इंजिन खोकले, मग धक्के देऊ लागले, मग गप्प. तू म्हणालास, ‘गेली!’ ती गेली नव्हती, तिने एअर घेतली होती. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला असतो. घाटात वारा लागत नाही, पंप आणि नळी तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. त्यावर उपाय म्हणजे ओले फडके आणि वीस मिनिटे. तुझ्या खांद्यावरचा पंचा मी मागितला तेव्हा तू माझ्याकडे कसा पाहिलास ते मी विसरलेलो नाही. तो पंपावर गुंडाळला, मागच्या ट्रकवाल्याने कॅनभर पाणी दिले, आणि फडक्यातून वाफ निघणे थांबले तेव्हा गाडी एका सेल्फला सुरू झाली. पुढच्या चढावर मी पहिला गियर घेताना दोनदा क्लच दाबला, त्याला तू ‘म्हातारचळ’ म्हणालास. अरे, या गाडीच्या पहिल्या गियरला सिंक्रोमेश, म्हणजे गियरचा वेग आपोआप जुळवून घेणारी सोय, नाही. चालत्या गाडीला तो टाकायचा तर मध्ये न्यूट्रलला येऊन, क्लच सोडून, किंचित रेस करून, पुन्हा क्लच दाबावा लागतो. आवाज न करता तो पडला की दांड्यातून हाताला जे कळते, ते मला शब्दांत सांगता येत नाही.

विकण्याचे म्हणशील, तर मला दुसरीच भीती आहे. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. अनेक मित्रांनी सुचवले, पाटी छान दिसते. पण तो क्रमांक घेतला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणजे मंडईतून मेथीची जुडी आणायची सोय गेली. मी नकार दिला. ज्या गाडीतून भाजी आणता येत नाही, ती माझ्या लेखी मोटार नसून दिवाणखान्यातली समई होय. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि साऱ्या नळ्या मी या वर्षी बदलून घेतल्या, त्यातली एक नळी कुणीतरी भलत्याच प्रतीची दिली आणि ती चार महिन्यांत चिकट झाली, हे आणखी एक दुखणे.

पण खरे दुखणे माणसांचे आहे. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात या गाड्या निघत. डिलाइट पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी होती तोवर तिच्यासाठी गल्लोगल्ली मिस्त्री होते, आणि त्यांच्या जिवावर आम्हा हौशी लोकांचेही भागत असे. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले, आणि माझ्या मिस्त्रीने दुसऱ्याच आठवड्यात विचारले, ‘साहेब, आता किंग पिन कुठून आणायची?’ किंग पिन म्हणजे जिच्याभोवती पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते ती खीळ.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून हाताने लेथ चालवणारे जुने कारागीर आहेत, हे तूच सांगत असतोस. एसटीच्या पार्सलने मी पुढच्या चाकाच्या किंग पिनचा जुना बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारे धातूचे नळकांडे, आणि पिन नमुन्यादाखल पाठवत आहे. त्यावरून गनमेटलचे चार बुश करून घे. मात्र आतला व्यास नमुन्यावरून मोजू देऊ नकोस, नमुना झिजलेला आहे. माप पिनवरून घ्यायचे, आणि आत थोडा माल शिल्लक ठेवायला सांगायचे, कारण बुश ठोकून बसवल्यावर तो आवळतो आणि भोक नेमक्या मापाचे करणारा रीमर शेवटी इथेच मारावा लागतो. पैसे किती झाले ते कळव. बुश बसले की मी आणि तुझी वहिनी त्याच गाडीने कोल्हापूरला येऊ. पहाटे पाचला निघालो तर ऊन चढण्याआधी खंबाटकी मागे पडेल. नातवाला पुढच्या सीटवर बसवून रंकाळ्यापर्यंत नेईन, आणि वेग किती होता ते त्यालाच मीटरवर वाचायला लावीन.

पंचा तुझा तूच आण.

तुझा,
फियाटवाला