एक वीत, एक हात, एक पाऊल

एडमंटन, अल्बर्टा
5 डिसेंबर 2025

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

आज मॉर्स कोचान्स्की यांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या फोनवर तू विचारलंस, की इथली रानात हिंडणारी माणसं ज्यांचं नाव एवढ्या मायेनं घेतात ते नेमकं काय शिकवायचे, आणि त्यातलं तुझ्या शिबिराच्या मुलांना काय देता येईल. फोनवर ते जमण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मॉर्स 1940 साली सस्कॅचवानमध्ये जन्मले. इथल्या अल्बर्टा विद्यापीठात त्यांनी शिकवलं, आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या स्प्रूस (सुईसारख्या पानांचं, सदाहरित झाड) आणि बर्चच्या जंगलात माणसानं कसं राहावं हे पिढ्यान् पिढ्या लोकांना हातात हात धरून दाखवलं. ‘जितकं जास्त ठाऊक, तितकं पाठीवरचं ओझं कमी’ अशा अर्थाचं वाक्य इथे त्यांच्या नावानं सगळे सांगतात. पण त्यांचं मोठेपण मला त्या वाक्यापेक्षा त्यांच्या मापांत दिसतं. सुरीचं पातं तळहाताच्या रुंदीएवढं. काटक्या एक हात लांब, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. शेकोटीपासूनचं अंतर एक पाऊल. आजी वीत, हात, चार बोटं अशीच मोजायची, तुला आठवत असेल. उणे 30 अंशांत मोजपट्टी कोण काढतो? अंग मात्र बरोबर असतंच.

त्यांचं पहिलं हत्यार सुरी. मोठा सुरा नव्हे, साधी स्वस्त स्वीडिश मोरा सुरी, म्यानासकट गळ्यात अडकवलेली. कमरेला लावली तर जाड कोटाखाली जाते आणि ऐन वेळी सापडत नाही. पात्याला त्यांची कसोटी कडक होती: टोक झाडात चार सेंटिमीटर रुतवून मुठीवर माणूस उभा राहिला तरी पातं टिकलं पाहिजे. (हे मुलांना करून बघायला सांगू नकोस.) पातं मुठीत पक्कं बसवलेलं हवं, कारण फोल्डिंग चाकूचा सांधा नेमका लाकूड फाडताना दगा देतो.

आता जाळ. इथे डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा. चुकलेल्या माणसाच्या हाताशी उजेड थोडा आणि बोटांत जीव त्याहून थोडा असतो. बोटं बधिर झाली की काडी धरता येत नाही, म्हणून थंडी वाजायला लागायच्या आधीच जाळाच्या तयारीला लागायचं. स्प्रूसच्या बुंध्याला खालच्या बाजूला मेलेल्या बारीक फांद्या असतात. वरच्या हिरव्या छत्रीमुळे त्या पावसातही बऱ्यापैकी कोरड्या राहतात. त्यातल्या आगकाडीएवढ्या जाड घ्यायच्या. कट्‌ करून मोडली तर कोरडी, वाकली तर टाकून द्यायची. दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा भारा हवा. त्याच्या दोन मोळ्या करून एकीवर दुसरी आडवी ठेवायची आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे खालून काडी लावायची.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एक म्हणजे काटक्या जमिनीवरून उचललेल्या असतात आणि त्यांनी ओल प्यालेली असते. दुसरं, भारा मूठभरच असतो. आग काडीपासून काटकीवर जाते, पण पुढच्या जाड लाकडाला पेटवण्याइतका वेळ टिकत नाही. तिसरी चूक सगळ्यांत जास्त होते: मोळी एकतर घट्ट आवळलेली, त्यामुळे हवा जात नाही, नाहीतर इतकी सैल की ज्योत एका काटकीवरून दुसरीवर उडी मारत नाही. दोन काटक्यांमध्ये साधारण एका काटकीच्या जाडीएवढी फट असावी. आणि फुंकायची घाई करायची नाही. ज्योत स्वतःच्या ओढीनं वर चढू लागली, की मग.

काटक्या नसतील तर उभ्यानं वाळलेलं स्प्रूसचं खोड. त्याची साल ओली असली तरी गाभा कोरडा असतो. सुरी लाकडावर ठेवून तिच्या पाठीवर जाड काठीनं ठोकत ते उभं फाडायचं. गाभ्याच्या ढलपीवर सुरीनं लांब, पातळ कुरळे सोलत न्यायचे, पण तोडायचे नाहीत, ते काठीलाच लटकत राहिले पाहिजेत. इथे नवशिके मनगटानं सोलतात. सुरी धरलेला हात कोपरात ताठ ठेवून खांद्यातून जोर लावला तर कुरळा कागदासारखा पातळ येतो. जाड आला तर तो काडीनं पेटत नाही, एवढं साधं आहे. अशा चार-सहा काठ्या झाल्या की काम होतं. बर्चची साल मिळाली तर देव पावला. आपल्या भूर्जपत्राच्याच कुळातलं झाड हे. सालीत तेलकट द्रव्य असतं, त्यामुळे ती ओलीसुद्धा पेटते.

बर्फावर जाळ करायचा तर खाली हिरव्या ओंडक्यांचा थर हवा, नाहीतर आग स्वतःच खड्डा वितळवत खाली जाते आणि पाण्यात बसते. आणि आधी वर बघायचं. फांदीवर साचलेला बर्फ उबेनं सुटतो आणि थेट जाळावर पडतो. उन्हाळ्यात धोका उलट असतो: इथल्या जमिनीवर शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो, तो आतल्या आत धुमसत राहतो, कधीकधी अख्खा हिवाळाभर बर्फाखाली, आणि वसंतात दुसरीकडूनच वर येतो. म्हणून खालची माती लागेपर्यंत खणायचं. विझवताना पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि शेवटी उघडा तळहात राखेत घालून बघायचं.

रात्र काढायची झाली तर आग लांबट. गोल शेकोटीनं माणसाचे गुडघे भाजतात आणि पाय गारठतात. माणूस आडवा पडल्यावर जेवढा लांब, तेवढा जाळ, आणि अंथरूण त्याला समांतर, एका पावलावर. अंतर थोडं वाढलं तरी ऊब झपाट्यानं घटते, आणि जवळ गेलं तर झोपेत पांघरूण पेटतं. समोर जळायला पॉप्लरच्या जातीचा अ‍ॅस्पेन चांगला, कारण स्प्रूस तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. लाकूड किती लागेल याचा अंदाज हमखास चुकतो. पुरेसं झालं असं वाटेल त्याच्या तिप्पट अंधार पडायच्या आत गोळा केलेलं बरं.

अंथरुणाकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात, म्हणून हे जरा ठासून लिहिते. थंडी वरून जेवढी येते त्याहून जास्त जमीन खालून ऊब ओढून घेते. स्प्रूसच्या कोवळ्या डहाळ्या उलट्या, कमानीसारख्या रचल्या की त्यांच्यात हवा अडकते. पण रचलेला ढीग बघून फसू नये, माणूस पडला की तो दबतो. आडवं पडून कमरेखाली हात घालायचा. दबलेला थर निदान चार बोटं भरला पाहिजे. (हे जीवावर बेतल्यावरचं. बॅन्फ, जॅस्परसारख्या राष्ट्रीय उद्यानांत जिवंत झाडाला सुरी लावता येत नाही.)

याच्यावर त्यांनी जो निवारा बसवला तो इथे त्यांच्याच नावानं ओळखला जातो. वाकवलेल्या विलोच्या फांद्यांची कमानी चौकट (विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद), पाठीला आणि छताला आतून चकचकीत रुपेरी चादर, आणि जाळाच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा. जाळाची उष्णता प्लॅस्टिकमधून किरणांच्या रूपानं आत येते, रुपेरी चादर ती झोपलेल्या माणसाच्या पाठीवर परतवते, आणि तापलेली हवा पडद्यामुळे बाहेर निसटत नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना आत कोट काढून बसता येतं. फसतं ते असं: रुपेरी चादर अंगाला घट्ट गुंडाळली किंवा जमिनीवर अंथरली, तर ती परावर्तनाचं काम करतच नाही. तिच्यासमोर हवेची फट लागते. आणि वर वाट ठेवली नाही तर श्वासाची वाफ आत साचून रात्रभर ठिबकते.

पातेल्यावरही त्यांचा फार भर असे. तहान लागली म्हणून बर्फ तोंडात टाकला तर अंगातली ऊब जाते. उणे 30 अंशांचा एक किलो बर्फ शरीराच्या तापमानाला आणायला सुमारे 130 किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका भाकरीची ऊर्जा केवळ एक लिटर पाण्यासाठी. म्हणून धातूचं भांडं हवंच. वितळवताना तळाला आधी घोटभर पाणी असावं. कोरडा भुसभुशीत बर्फ तळाला टेकत नाही, भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो.

कुऱ्हाडीबद्दल एवढंच: कडाक्याच्या थंडीत तिची धार ठिसूळ होते आणि गोठलेल्या गाठीवर घाव पडला की टवका उडतो. वापरायच्या आधी तिला जरा ऊब द्यायची. आखूड दांड्याची असेल तर गुडघे टेकून तोडायचं, म्हणजे चुकलेला घाव जमिनीत जातो, नडगीत नाही.

आता तुझ्या मुलांसाठी. सह्याद्रीत जाळ शिकवू नकोस असंच मी म्हणेन. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं आणि एका ठिणगीनं अख्खा डोंगर काळा होतो. पण मॉर्सची ‘ट्राय स्टिक’, म्हणजे सुरीच्या सरावाची काठी, जरूर दे. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब, सरळ हिरवी काठी, छाटणीत निघालेली. तिच्यावर एकापुढे एक वेगवेगळ्या खाचा कोरायच्या: साधी व्ही आकाराची, चौकोनी, एका बाजूनं उभी नि दुसरीकडून तिरकी, भांडं अडकवायची चोचीची, आरपार भोक, आणि टोकाला गोल माथा. एका काठीत सुरीच्या सगळ्या पकडी येतात, आणि मूल कुठे घाई करतं ते खाच बघूनच कळतं. चोचीची खाच नेहमी फाटते, कारण आधी आडवा छेद न घेता मुलं थेट तिरकं कापत सुटतात. आधी फुलीसारखे दोन छेद, मग कडेनं थोडं थोडं काढायचं.

दुसरी ती सैबेरियन गाठ. मॉर्सनी ती इथे सगळ्यांच्या हाती दिली, कारण जाड हातमोजे घालूनही ती बांधता येते आणि एका झटक्यात सुटते. दोरीचं टोक झाडाभोवतून आपल्याकडे घ्यायचं. त्या टोकाचा चार बोटांभोवती एक वेढा घ्यायचा. वेढ्यासकट बोटं मुख्य दोरीच्या वरून पलीकडे न्यायची आणि तिच्याखालून परत फिरवायची. मग लोंबत्या टोकाची घडी त्याच बोटांनी पकडून वेढ्यातून ओढून काढायची आणि गाठ झाडापर्यंत सरकवायची. सोडताना फक्त मोकळं टोक ओढायचं. टोक हातभर तरी शिल्लक ठेव, नाहीतर घडी निसटते. आणि ही ताडपत्रीची गाठ आहे, माणसाचं वजन पेलायची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांग.

पावसाळी ट्रेकला आणखी एक. माणूस कोरड्या उणे 20 पेक्षा ओल्या पाच-सात अंशांत लवकर गारठतो, आणि ओल बहुतेक वेळा आतून येते, घामानं. चढ सुरू करतानाच एक थर उतरवायचा, घाम फुटल्यावर नाही. थांबलं की लगेच चढवायचा. रतनगडाच्या माथ्यावर वारा सुटला की सुती बनियन घातलेलं पोर सगळ्यांत आधी कुडकुडतं.

गाठीसाठी सहा मिलिमीटरची दोरी घे. नायलॉनची गुळगुळीत नको, ती सरकते. आधी स्वतः स्वयंपाकाचे गरम भांडी धरायचे हातमोजे घालून वीस वेळा बांध, मग मुलांना दाखव. जमली नाही तर व्हिडिओवर मला दाखव, बोटं कुठे चुकतात ते सांगेन.

आईबाबांना सा. न., वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी