पुस्तकवाल्या काकांना, आईच्या सहीबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषयच संपवलात. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमच्यासारखा माणूस नाशकात आहे हे लोकांना कळायला हवं. तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही कळायला हवं.

आई सातवीत असताना तिची आठ ओळींची कविता 'आनंद' मासिकात छापून आली होती. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली सुरू केलेलं आणि पुढं गोपीनाथ तळवलकरांनी वर्षानुवर्षं चालवलेलं ते मासिक. तो अंक आजोबांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. एकोणसत्तरच्या महापुरात गंगा, म्हणजे आमची गोदावरी, पंचवटीतल्या घरात शिरली आणि ट्रंक गेली. आईला त्यातल्या चारच ओळी पाठ होत्या. उरलेल्या चार तिला कधीच आठवल्या नाहीत. हल्ली नातवंडं विचारायची, "आजी, खरंच छापली होती का गं?" आणि ती गप्प बसायची.

मी शोधायला निघाले, तर एका वाचनालयात मान वर न करता उत्तर मिळालं: "बालमासिकं निर्लेखनात गेली. मुलांचं कोण जपून ठेवतं?" निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करून पुस्तक काढून टाकणं. एका ऑनलाइन विक्रेत्यानं मुखपृष्ठाचा फोटो पाठवला, आगाऊ पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. आणखी एक संग्राहक होते. आईचं वय आणि पुराची गोष्ट ऐकली आणि त्यांचा भाव तिथल्या तिथे चढला. राग पैशांचा नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणीवर बोली लावली, त्याचा आहे.

तुम्ही मात्र पहिल्यांदा विचारलंत, "कवितेचं नाव काय होतं?" मग म्हणालात, "शोधतो. वेळ लागेल. मिळेलच असं नाही." खोटी आशा न लावणारा माणूस तोवर आम्हाला भेटलाच नव्हता.

तुमच्याकडं बसता बसता तुमचीही गोष्ट कळत गेली. लहानपणी तुम्ही मामांच्या रद्दीच्या दुकानात तराजूपाशी बसायचात. वर्तमानपत्रं, वह्या, जाड पुस्तकं यांचे दर ठरलेले. मुलांची पातळ पुस्तकं मात्र थेट भेळवाल्याकडं जायची, पुड्या बांधायला. त्या ढिगातून तुम्ही एकेक उचलून बाजूला ठेवायला लागलात, आणि मामा ती तुमच्या पगारातून कापायचे. पुढं जुन्या नाशकातले वाडे पडायला लागले, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरायला लागल्या, आणि कंत्राटदाराच्या आधी तिथं पोचायचं हाच तुमचा धंदा झाला. "मोठ्यांची पुस्तकं कपाटात बसून राहतात. मुलांची वाचून वाचून संपतात, म्हणून मिळत नाहीत," असं तुम्ही म्हणालात. चित्रं कापलेली, कोडी पेन्सिलीनं सोडवलेली, वर गिरवून गिरवून लिहिलेलं नाव. इतर विक्रेते ती नावं खोडून काढतात. तुम्ही खोडत नाही. आत शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी डकवलेली असली तर ते पुस्तक तुम्ही वेगळ्याच फळीवर ठेवता.

'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं संगणकावर आणले, कुणालाही फुकट वाचता येतात, याचा तुम्हाला किती आनंद! दुसरा एखादा म्हणाला असता, धंदा बुडाला. आणि साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली इथंच, नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला तुम्ही सांगता. ते पोर काही घेवो न घेवो.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी घुसलं तेव्हा तुमचंही गोदाम बुडालं, हे मला दुसऱ्याकडून कळलं. ओल्या पानांत टीपकागद घालून तुम्ही आणि काकू रात्र रात्र बसला होतात. आमच्या ट्रंकेची गोष्ट ऐकताना तुम्ही यातलं काहीच बोलला नव्हता.

अंक मिळाल्याचा फोन आला आणि मी आईला घेऊन आले. तुम्ही खुर्ची पुसून तिला बसवलंत. अंकाच्या गंजलेल्या पिना काढून तुम्ही तो दोऱ्यानं शिवला होता, कारण गंज कागद खातो. फाटका कोपरा खळीनं सांधला होता. आईनं आठही ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

आणि मग तुम्ही कपाटातून त्याच अंकाची दुसरी प्रत काढलीत. तिच्यासमोर ठेवून म्हणालात, "बाई, ही माझ्या संग्रहातली. हिच्यावर कवयित्रीची सही हवी." आई पर्समधलं बॉलपेन शोधायला लागली, तर तुम्ही मऊ पेन्सिल पुढं केलीत: "शाई नको, मागच्या पानावर उतरते." तिनं माहेरचं नाव लिहिलं, छापलंय तस्संच, कुमारी धरून. ते नाव तिनं लग्नानंतर कधी लिहिल्याचं मला आठवत नाही. तुम्ही ती प्रत दोन्ही हातांनी घेतलीत.

अंकाचे पैसे तुम्ही घेतलेत, ते बरं केलंत. किंमत अंकाची सांगितलीत, आमच्या गरजेची नाही. पण त्या सहीसाठी तुमचे आभार कसे मानू, काका? तिला तिथं कुणी आजी म्हटलं नाही, बिचारी म्हटलं नाही. लेखिकेला द्यावा तो मान दिला. अशी माणसं पाटी लावून बसत नाहीत, आणि ज्यांच्या पाट्या मोठ्या असतात त्यांच्याकडं मान वर करून बघायलाही फुरसत नसते. सभ्यपणाला पैसे पडत नाहीत, तरी तो इतका दुर्मीळ का व्हावा, हे मला खरंच कळत नाही.

आईचा एक निरोप आहे. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं एक कोडंही त्याच सुमारास 'आनंद'मध्ये आलं होतं. महिना आठवत नाही, पण उत्तर 'घंटा' होतं म्हणे. मैत्रीण मालेगावला असते, अजून चांगली हिंडती फिरती आहे. अंक हाती लागला तर कळवा, दोघींना घेऊन येते.

आपली ऋणी,
पंचवटीतली एक लेक